शेवटी जेवणारीचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीवाल्याचा नव्हे बरं का, माणसं तोलणारा. कुणी कितीही पोट आत ओढलं तरी मी आहे तेवढंच वजन दाखवतो. म्हणून मी फारसा कुणाचा लाडका नाही.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनमध्ये, दमयंती सिस्टरांच्या पिशवीत. सिस्टर मूळच्या संगमनेरच्या. त्यांच्या दवाखान्यात लठ्ठपणा आणि मधुमेहावर संशोधन चालू होतं. सामोआ नावाच्या दूरच्या बेटांवर असे अभ्यास झाल्याचं डॉक्टरांनी वाचलं होतं. कोकणातून इथे आलेल्यांचं वजन आणि साखर का वाढते, हे त्यांना घरंच्या घरं तपासून शोधायचं होतं. सिस्टर दारोदार जात आणि मी बापापासून लेकरापर्यंत सगळ्यांना तोलत असे.

त्याच सुमारास सौदी तरुणांना नोकऱ्या देण्याचं धोरण आलं. सिस्टरांच्या जागी अरवा नावाची सौदी मुलगी नेमली गेली. सिस्टरांना वाईट वाटलंच, पण काम अर्धवट टाकून जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अरवाला सोबत घेऊन त्या अधिकच झपाट्याने फिरू लागल्या.

अडून बसली होती एकटी खैरुन्निसाभाभी, श्रीवर्धनच्या मुस्तफाभाईंची बायको. मुस्तफाभाईंना मधुमेह होता. ते आणि मुलं, शबनम आणि अदनान, माझ्यावर उभे राहिले होते. भाभी मात्र दर वेळी स्वयंपाकघरात पळायची. मी कुठे काही खाते, माझं वजन कशाला, असं म्हणायची.

एका शुक्रवारी सिस्टर आणि अरवा त्यांच्याकडे जेवायला थांबल्या. भाभीने सगळ्यांना आग्रहाने वाढलं, पण स्वतः बसली नाही. सगळे उठल्यावर तिने ताटं ओढली. अदनानचा भात, शबनमची अर्धी भाकरी, नवऱ्याचं कालवण, तळाशी उरलेली खीर, सगळं तिने संपवलं. अन्न टाकलं तर घरातली बरकत जाते, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. तिच्या लेखी ते जेवण नव्हतंच, आवराआवर होती. भाभी खोटं बोलत नव्हती, हे सिस्टरांच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्यांनी मला तिथेच, चुलीपाशी ठेवलं. भाभी नाइलाजाने मोज्यांसकट चढली. तिचा सगळा भार उजव्या पायावर होता, डावा नुसता अधांतरी. माझी सुई काही केल्या स्थिर होईना. सिस्टरांनी ते पाहिलं आणि मोजे काढायला सांगितलं. भाभी मुलांकडे बघू लागली. अरवा मुलांना घेऊन बाहेर गेली.

डाव्या अंगठ्याखाली काळी पडलेली जखम होती.

"दुखत नाय, म्हणून बोलले नाय," भाभी म्हणाली. "आणि पाय टेकला असता तर तुमचा काटा खराब झाला असता."

मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी तिचा पाय धरला असता.

सिस्टर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. भाभी जागची हलेना.

"मी तिथं पडले तर जेवण कोण करील?"

"पाय गेला तर कोण करील, भाभी?"

मुस्तफाभाईंनी गाडी काढली. तपासणीत भाभीलाही मधुमेह निघाला. अंगठा गेला, पण पाय वाचला. गावी परतेपर्यंत सिस्टर रोज तिची पट्टी बदलायला जात होत्या. तेव्हापासून भाभी सगळ्यांबरोबरच जेवायला बसू लागली.

जाताना सिस्टरांनी मला अरवाच्या हाती दिलं. अरवा नव्या घरात शिरली की मोडक्या हिंदीत आधी विचारायची, "सबसे आखिर में कौन खाता है?" आणि तिलाच पहिलं माझ्यावर उभं करायची.

पुढे आकडे दाखवणारा चकचकीत काटा आला आणि मी अडगळीत पडलो. आता माझ्यावर धूळ आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण अरवाचा तो प्रश्न मी तुमच्यासाठी जपून ठेवला आहे. आज जेवायला बसण्याआधी तो आपल्या घरात विचारा. जी शेवटी जेवते तिला शेजारी बसवा, आणि तिने संपवावं असं काहीही आपल्या ताटात ठेवू नका.