बाण जिकडे दाखवतो

माणसांना जागा दाखवायची, एवढंच माझं काम. मी कोर्पिवारा गावाच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या वळणावर उभी असलेली पाटी. माझ्यावर लिहिलं आहे, 'उद्योगांसाठी जागा उपलब्ध', आणि खाली एक पांढरा बाण आहे. अक्षरं आता विटली आहेत. बाण मात्र अजून ठळक आहे, कारण ताइस्तोनं त्यावर रंगाचा हात जरा जास्तच वेळा फिरवला होता.

ताइस्तो गावच्या कचेरीत कामाला होता. त्यानंच मला त्याच्या घरामागच्या शेडमध्ये बनवलं. पाइनच्या फळ्या रंधून गुळगुळीत केल्या, खांबाच्या बुडाला डांबर फासलं. माणसांशी तो फारसा बोलत नसे, पण रंधा मारताना माझ्याशी बोलायचा. कारखानदार जागा कशी निवडतात, ते मी त्याच्याकडून ऐकलं. आधी रस्ता बघतात, बर्फात मालमोटार येईल का ते बघतात. मग पाणी, वीज, बंदर किती लांब. मग काम करणारे हात आहेत का, आणि त्या हातांच्या पोरांना शाळा आहे का. आणि सगळ्यात शेवटी, किंवा कधीकधी सगळ्यात आधी, लागणारा माल जवळ मिळतो का.

"आपल्याकडे सगळं आहे," तो म्हणाला. "फक्त कुणाला माहीत नाही. ते तू सांगायचंस."

मला रस्त्याकडेला पुरलं आणि माझ्या मागची जमीन तयार झाली. झुडपं काढली, नळ आले, विजेचा दिवा आला, डांबरी रस्ता थेट मधोमध नेला. त्या रस्त्याच्या टोकाला काहीच नव्हतं. दर हिवाळ्यात बर्फ काढणारी गाडी यायची, तो रस्ता स्वच्छ करायची आणि वळून परत जायची. पाऊलही न पडणारा रस्ता असा लख्ख असायचा. तो दिवा आणि मी, आम्ही दोघं वाट बघायचो. मोटारी जवळ आल्या की वाटायचं, ही थांबेल. त्या पुढे जायच्या.

माझ्याजवळ थांबायची ती एकटी लेम्पी.

लेम्पी गावातली विधवा बाई. जुलैच्या शेवटी दलदलीत हिल्ला पिकायला लागला की तिचे दिवस सुरू व्हायचे. हिल्ला म्हणजे एका देठावर एकच येणारं फळ. कच्चं असताना लाल असतं, पिकलं की सोनेरी होतं. आमच्या लोकांचा जीव त्यात अडकलेला. पण ते कुठे मिळतं, हे कुणी कुणाला सांगत नाही. शेजाऱ्याला नाही, भावाला नाही. विचारणंसुद्धा बरं दिसत नाही.

लेम्पी तर यात सगळ्यांच्या वरताण. बादली कोटाखाली लपवायची. सायकल मुद्दाम गावाच्या दुसऱ्या टोकाला, चर्चच्या वळणावर लावायची, म्हणजे लोक तिकडच्या रानात शोधत बसतील. मग झाडांमधून मोठा वळसा घालून माझ्यापाशी यायची, रस्त्यावर कुणी नाही ना बघायची, आणि रिकामा प्लॉट ओलांडून मागच्या पाइनच्या रांगेत दिसेनाशी व्हायची. परत यायची तेव्हा बादली पानांनी झाकलेली असायची, पण तिच्या बोटांना वास असायचा. माझ्या बुडाशी एक दगड आहे. त्यावर बसून ती बूट रिकामे करायची, खिशातून राय नावाच्या धान्याची भाकरी काढून खायची. माझ्याशी काही बोलायची नाही. तरी बरं वाटायचं.

एकदा ताइस्तोनं तिला इथे गाठलं. तो माझे खिळे तपासायला आला होता. त्यानं बादलीकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं.

"नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतंस ना, जागा कुठे ते?"

"त्यानं विचारलं नव्हतं," लेम्पी म्हणाली.

"तीस वर्षांच्या संसारात?"

"चांगला माणूस होता."

मग एका वर्षी एक मोटार खरोखर थांबली. ताइस्तोनं कुठेकुठे पत्रं धाडली होती, त्यातलं एक लागू पडलं. रानातली फळं गोठवून बाहेर पाठवणारी एक कंपनी दक्षिणेकडून आली. वेस्टरबाक नावाचा मऊ आवाजाचा गृहस्थ उतरला. त्याचे बूट शहरातले होते, पण बघत होता तो नीट. नळ उघडून पाणी चाखलं. रस्त्यावर पाय आपटून पाहिला. शाळा किती लांब ते विचारलं. ताइस्तो त्याच्या मागे मान हलवत फिरत होता. त्याचे कान लाल झाले होते.

गावाला हा कारखाना हवा होता. शाळेत मुलं इतकी कमी उरली होती की ती बंद होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. लेम्पीला तर तो सगळ्यांहून जास्त हवा होता. तिची मुलगी मेर्वी औलू शहरात एका शीतगृहात यंत्रं सांभाळायची. तिनं आईला कळवलं होतं, गावात काम निघालं तर पोरांना घेऊन मी कायमची येते. लेम्पीनं वरची खोली रंगवायला काढली होती. ताइस्तो माझ्यासमोर तिला चिडवायचा, की कारखान्याचा पाया नाही आणि तुझे पडदे शिवून तयार.

पण पाहुणे गावाशी बोलायला परत आले ते नेमके हिल्ला पिकायच्या आधीच्या आठवड्यात. याहून वाईट वेळ नव्हती; तेव्हा जो तो आपली जागा जपत असतो.

ताइस्तोनं गावाला प्लॉटवर बोलावलं होतं. टेबल मांडलं, कॉफी आणि वेलचीचे पाव ठेवले. लोक डास वारत उभे राहिले. वेस्टरबाकनं सरळ सांगितलं. पाणी चांगलं, रस्ता चांगला, बंदर लांब आहे पण गोठवलेला माल लांबही जातो. ताजं फळ मात्र थांबत नाही, म्हणून कारखाना रानाच्या तोंडाशीच हवा. "मला एवढंच सांगा, इथे हिल्ला किती निघतो आणि कुठल्या बाजूला निघतो."

कॉफी ढवळल्याचे आवाज झाले.

"असतो थोडाफार," शेवटी एकजण म्हणाला.

"यंदा काही खरं नाही," दुसरा म्हणाला.

तिसरा म्हणाला, पूर्वी असायचा म्हणतात.

वेस्टरबाकनं नकाशा पसरला आणि पेन्सिल दिली. नुसता अंदाज द्या, म्हणाला. नकाशा हातोहात फिरला. प्रत्येकानं तो मन लावून पाहिला, आपलं घर कुठे आहे ते शोधलं आणि पुढे दिला. लेम्पीच्या हातात तो जास्त वेळ राहिला. मला तिची बोटं दिसत होती. पेन्सिलीचं टोक एकदा कागदाला टेकलं. मग तिनं डावीकडच्या शेजाऱ्याकडे पाहिलं, उजवीकडच्या शेजारणीकडे पाहिलं. दोघंही तिच्या हाताकडेच बघत होते. तिनं पेन्सिल उचलली आणि नकाशा पुढे दिला.

तो जसा आला तसाच कोरा वेस्टरबाककडे परत गेला. त्याच्या पाठीमागे पाइनची रांग होती. त्या रांगेमागे एक चर, आणि चरापलीकडे लेम्पीची दलदल. तो वळून शंभरेक पावलं चालला असता तर त्याचे शहरी बूट हिल्ल्यात बुडाले असते.

ताइस्तोनंही पेन्सिलीला हात लावला नाही. त्याच्याही जागा होत्याच की.

लोक पांगले. लेम्पी बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं माझ्यापाशी मागे राहिली. शेजारी दिसेनासे होईपर्यंत ती नाडी बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. मला कळलं, तिला एकट्या वेस्टरबाकला सांगायचं आहे. त्याची मोटार वळणावर आली. लेम्पी उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

वेस्टरबाकला वाटलं, ही निरोप देते आहे. त्यानंही हसून हात हलवला, आणि मोटार निघून गेली.

तिचा हात कितीतरी वेळ वरच होता.

कारखाना दुसऱ्या एका गावात झाला. वेस्टरबाकनं ताइस्तोला कळवलं, तुमच्याकडे सगळं आहे, पण माल नाही. ताइस्तोनं ते मला येऊन सांगितलं. मग खांबावर हात ठेवून उभा राहिला. त्यानंतर त्यानं मला पुन्हा रंग दिला नाही. दोन हिवाळ्यांनी शाळा बंद झाली. मग बर्फाची गाडीही प्लॉटवर वळेनाशी झाली, आणि एक दिवस कुणीतरी दिवा बंद केला. तो मला भावासारखा होता.

लेम्पी येत राहिली. चाल मंदावली, काठी आली. आता ती माझ्याशी बोलायची. मेर्वी सणाला आली होती, लगेच गेली. वरच्या खोलीचे पडदे उन्हानं विटले. तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात ती दगडावर बराच वेळ बसून होती. बादली अर्धीच भरली होती.

"मेर्वीला सांगायला हवं," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला आली की सांगते. तुझा बाण बरोबर तिकडेच जातो बघ. कधी लक्षातच आलं नाही कुणाच्या."

पुढची खेप झाली ती अंत्यविधीची.

गेल्या जुलैत मेर्वी आली होती. हातात आईची बादली होती. मी लांबूनच ओळखली. तिच्या बुटांना चर्चच्या वळणावरची लाल माती होती. आईची सायकल कायम तिथेच असायची, म्हणून बिचारी दिवसभर तिकडच्या रानात शोधत फिरली असणार. ती दगडावर बसली. बूट काढून झटकले, अगदी आईसारखे. मग डोकं मागे माझ्या खांबाला टेकलं.

"आई, कुठे जायचीस गं तू?" ती म्हणाली.

मी जन्मभर हेच काम केलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांना जागा दाखवली. आता पहिल्यांदा कुणी विचारत होतं, आणि बाण तिच्या डोक्याच्या वर होता. तिनं मान वर केली नाही. रिकामी बादली उचलून ती गेली.

यंदाही हिल्ला पिकला आहे. वारा तिकडून आला की वास येतो. काढायला कुणी नाही. माझा खांब बुडाशी कुजला आहे, आणि मी हळूहळू कलते आहे. अजून एखादा हिवाळा काढीन. पडले की बाण जमिनीकडे होईल, मग तो कुणाच्याच कामाचा नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला औलूत मेर्वी भेटली, तर चारचौघांत बोलू नका. बाजूला घ्या आणि एवढंच सांगा, की बाई, जुन्या पाटीपाशी जा आणि मान वर करून बघ.