अकरा डाग

कोहिनूर गावच्या बसवंतप्पाला देवानं सगळं दिलं होतं, फक्त विश्वास द्यायचा तेवढा राहून गेला होता. दूध आलं की तो आधी बोट बुडवून बघायचा. पाणी सापडलं नाही तर त्याला जास्तच घोर लागायचा, कारण मग गवळ्यानं लबाडी दुसऱ्याच कशात तरी केलेली असणार. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. या गड्याला कावीळ जन्माचीच होती.

अशा माणसावर फाल्गुनात एक प्रसंग आला. साल अठ्ठेचाळीस. सरहद्दीपलीकडं स्वराज्य येऊन सात महिने झाले होते आणि अलीकडं निजामाच्या राज्यात उद्या काय होईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. हत्यारबंद टोळ्या गावात शिरायच्या, घरं धुंडाळायच्या, बायकांच्या अंगावरचं ओरबाडून न्यायच्या. म्हणून घरोघरचं सोनं जमिनीत नाहीतर भिंतीत जायला लागलं होतं. बसवंतप्पाची बायको निलम्मा, तिचे अकरा डाग होते. बोरमाळ, पाटल्या, गोठ, बाळ्या असे मोजून अकरा. आपल्या भागात दागिन्याला डागच म्हणतात. निलम्मानं ते फडक्यात बांधले आणि नवऱ्याच्या हातून थोरल्या जावेच्या घरधन्याकडं, म्हणजे वीरभद्रप्पाकडं, पाठवले.

वीरभद्रप्पा हा बसवंतप्पाचा सख्खा थोरला भाऊ. दोघांचं घर एक, चूल एक.

"कुठं ठिवणार, अण्णा?" बसवंतप्पानं गाठोडं हातात तसंच धरून विचारलं.

"ठिकाण इचारू नको," अण्णा म्हणाला. "ज्याला ठाऊकच न्हाई, त्याच्याकडनं मार देऊनबी कोण काढून घेणार?"

बोलणं खरं होतं. पण खऱ्या बोलण्यानं बसवंतप्पाला झोप कधी लागली आहे? गाठोडं हातातून सुटलं त्या घडीपासून तो अण्णाच्या मागावर राहिला.

आणि अण्णाचं वागणं तरी कसं! धंदा बसल्यामुळे त्यानं कल्याणीतलं कापडाचं दुकान बंद केलं होतं. गुलबर्ग्याला कुण्या मोजणी साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यानं एक पितळी दुर्बीण घेतली होती, ती तिपाईवर बसवून माळवदावर ठेवली होती. रोज सकाळी नऊच्या सुमाराला तो वर जायचा, डोक्यावरून काळं फडकं घ्यायचा आणि दुर्बिणीमागं लावलेल्या खोक्यात तोंड घालून अर्धा तास बसायचा. विचारलं तर म्हणायचा, सूर्य कागदावर पाडतो. आता चांदण्या बघायला दुर्बीण लागते हे बसवंतप्पानं ऐकलं होतं. सूर्य बघायला दुर्बीण कशाला? तो तर आंधळ्यालाही भाजतो. त्यानं अंगणातून मान वर करून पुष्कळ पाहिलं, पण दिसायची ती अण्णाची पाठ आणि काळं फडकं. वर जाऊन बघावं असं मात्र त्याला एकदाही वाटलं नाही. संशयी माणसाला आडून बघण्यात जी गोडी असते, ती समोर जाऊन बघण्यात नसते.

मग दुसरं एक सुरू झालं. दुर्बिणीच्या मागं डबा कॅमेरा बांधून अण्णा सूर्याचे फोटो काढायला लागला. धान्याच्या कोठीची दारं-फटी त्यानं चिंध्यांनी बुजवल्या. आत कंदिलाला तांबडं कापड गुंडाळून तो फोटोच्या काचा धूत बसायचा, आणि दाराखालून आंबूस, नाकात झोंबणारा वास यायचा. बसवंतप्पा दाराला कान लावून उभा राहायचा. बाटलीतून काहीतरी ओतल्याचा आवाज. मग चुळुकचुळुक. असा वास त्याला ठाऊक होता. सोनार तेजाबात सोनं घालतो, तेव्हा असाच वास येतो.

"सोनं वितळवायलाय," तो निलम्माला म्हणाला.

"कोण?"

"कोण म्हंजे? तुझा भावजी!"

निलम्मा भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "तुमी जेवून घ्या," एवढंच ती बोलली. बायकोला काही वाटत नाही याचाही बसवंतप्पाला संशय आला, पण एका वेळी दोन संशय सांभाळणं त्यालाही जड जायचं, म्हणून हा त्यानं बाजूला ठेवला.

चार दिवसांनी अण्णा कल्याणीच्या बाजाराला गेला आणि बसवंतप्पा माळवदावर चढला. दुर्बिणीला त्यानं हात लावला नाही. खोक्याच्या खाली एक वही होती, ती उचलली. पानोपानी एकेक वाटोळं वर्तुळ काढलेलं. वर्तुळाच्या एका अंगाला 'पू', दुसऱ्या अंगाला 'प', आत पेन्सिलीचे काळे ठिपके. खाली अण्णाचं वळणदार अक्षर. बसवंतप्पा चौथीपर्यंत शिकलेला होता, तेवढं शिक्षण घात करायला पुरेसं झालं.

त्यानं वाचलं : 'डाग अकरा.'

बरोबर अकरा! एक कमी नाही, एक जास्त नाही. त्यानं पान उलटलं. 'डाग अकरा. चार मोठे, बाकी बारीक.' तेही बरोबर, बोरमाळ, दोन पाटल्या आणि गोठ हे मोठे. पुढचं पान : 'सर्व डाग मावळतीकडे सरकत आहेत.' आणि शेवटचं, कालचं पान : 'डाग नऊ. दोन मावळतीच्या कडेवरून गेले.'

बसवंतप्पानं मावळतीकडं मान वळवली. मावळतीला काय आहे? मावळतीला सरहद्द आहे. सरहद्दीपलीकडं अक्कलकोट, आणि अक्कलकोटला थोरल्या वहिनीचं, सिद्धम्माचं माहेर. एकेक डाग बायकोच्या माहेरी चाललाय आणि हा साळसूद माणूस त्याचं टिपण ठेवतोय! त्याला रागानं रडू आलं. बाप गेल्यावर ज्या भावानं खांद्यावर घेऊन हिंडवलं, तोच हा भाऊ.

पण हे वर्तुळ कसलं? वही त्यानं आडवी धरली, उभी धरली. वाटोळं, कडेला पूर्व-पश्चिम, आत खुणा. आणि मग एकदम उजेड पडला. विहीर! मळ्यातली दगडी बांधाची विहीर अशीच वाटोळी, आणि तिची मोट मावळतीच्याच अंगाला. ठिपके म्हणजे बांधातले ते दगड, ज्यांच्या मागं एकेक डाग दडवलाय. आणि दोन मोटेकडून वर गेले. अण्णा माळवदावरून सूर्य कसला बघतो, दुर्बिणीनं विहीर राखतो! सगळं जुळलं. खोटं जितकं चपखल जुळतं, तितकं खरं कधी जुळत नाही, पण हे त्याला कोण सांगणार?

गेलेले दोन गेले. उरलेले नऊ तरी वाचवायचे होते.

त्यानं कालचं पान फाडून खिशात घातलं, सालगडी ग्यानबाला दोर घेऊन बोलावलं आणि भर दुपारी तो विहिरीत उतरला. पाणी कमरेएवढं होतं. पान बघायचं, दगड मोजायचे, पहारीनं कोचायचं. एका दगडामागं बेडूक निघाला. एका दगडामागं पारव्याचं घरटं. तिसरा दगड निघाला तो थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडला, आणि बसवंतप्पानं अशी बोंब ठोकली की शेजारच्या मळ्यातला महादेवप्पा चिलीम टाकून धावत आला. त्याच्यामागं तूर झोडपणाऱ्या बायका आल्या.

"आरं बसवंता, विहिरीत काय शोधायलास?" महादेवप्पानं वाकून विचारलं.

अंगठ्यातून रक्त येत होतं, डोक्यात भावाचा राग होता. त्या भरात बसवंतप्पा ओरडला, "डाग! बायकूचे डाग! हितं दडवल्यात!"

विहिरीनं ते शब्द घेतले आणि घुमवून घुमवून वर पाठवले. ग्यानबानं कपाळाला हात लावला. वरच्या बायका एकमेकींकडं बघून सगळ्या एकदमच निघाल्या. आता दिवस मावळायच्या आत ही बातमी कोहिनूरभर होणार, आणि उद्या आजूबाजूच्या गावांत. या घरात सोनं आहे आणि ते दडवलेलं आहे, हे ज्यांना कळू नये त्यांनाही कळणार. हे वर येता येता बसवंतप्पाच्याही ध्यानात आलं.

घरी वीरभद्रप्पा बाजारातून आलेला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ओलं पान हातात घेतलं. बसवंतप्पाला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"वर चल," अण्णा म्हणाला.

ऊन अजून कडक होतं. अण्णानं दुर्बीण सूर्याकडं फिरवली, खोक्यात कोरा कागद लावला आणि काळं फडकं दोघांच्या डोक्यावरून ओढलं. "नळीला डोळा लावायचा न्हाई, आंधळा हुशील. कागदाकडं बघ."

कागदावर ताटलीएवढं लखलखीत वर्तुळ पडलं होतं. आणि त्या वर्तुळात काळे ठिपके. बसवंतप्पानं बोट लावून पाहिलं, ठिपका बोटावर आला. कागद झटकला, ठिपके तिथंच.

"ही घाण न्हाई, अण्णा?"

"सूर्यावरचे डाग हैत. रोज थोडे थोडे मावळतीच्या कडंला सरकत्यात आन् पल्याड जात्यात. औंदा लई हैत." अण्णानं खिशातून एक काच काढून त्याच्या हातात दिली. काचेवर काळा गोळा आणि त्यात पांढरे ठिपके, उलटा छापलेला सूर्य. "कोठीत हेच धूत हुतो. ह्याचाच वास."

बसवंतप्पानं मोजले. नऊ होते. चंद्राला डाग असतो हे त्याला ठाऊक होतं, पण सूर्याला असेल असं त्याच्या बापजन्मी कुणी बोललं नव्हतं. ज्याच्यावर कुणी बोट ठेवत नाही त्याच्यावरही डाग असावेत, याचं एरवी त्याला समाधानच वाटलं असतं. पण त्या घडीला तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग आपले डाग कुठं हैत?"

जित्याची खोड! अण्णानं फडकं काढून त्याची घडी घातली.

"मला ठाऊक न्हाई."

"आँ? तुमच्या हातात दिलते की मी!"

"तू गाठोडं दिलंस त्याच दिशी मी ते तुझ्या वहिनीला दिलं. तिनं आन् निलम्मानं मिळून ठिवलं. कुठं, ते मी इचारलं न्हाई."

जिन्याच्या तोंडाशी निलम्मा येऊन उभी होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट पुढं ओढला, पण बोलली ती नवऱ्याशीच.

"मीच म्हणलं हुतं, ह्यास्नी सांगू नगा म्हणून. अण्णाकडं हैत म्हणल्यावर तुमी अण्णाच्या मागं लागला. माझ्याकडं हैत म्हणून कळलं असतं तर रोज उकरून बघितलं असतं तुमी. आन् उकरणारा माणूस लांबनं दिसतोय." तिचे डोळे भरून आले. "आज बघितलं की साऱ्या गावानं."

बसवंतप्पानं जन्मभर दूध, माप, वजन, माणसं, सगळं तपासून घेतलं होतं. आपल्यालाही कुणी तपासलं असेल आणि परत केलं असेल, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. तेही बायकोनं. तेही बरोबर तपासून.

"आता ती जागा बदलाया पायजे," खालून सिद्धम्मा म्हणाली. "दिस मावळायच्या आत. कोण इचारत येईल त्याचा नेम न्हाई."

वीरभद्रप्पा माळवदाच्या कठड्याकडं तोंड करून बसला आणि पेन्सिल तासू लागला. तोंड फिरव म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बसवंतप्पा तसाच जिन्याकडं तोंड करून उभा होता. निलम्मा थांबली. जावेनं हाक मारली तरी ती हलली नाही.

"तुमी तेवढं तिकडं तोंड करा," ती म्हणाली.

तो वळला. अण्णाशेजारी जाऊन बसला. दुखऱ्या अंगठ्याला माती लागली होती ती झाडावी असंही त्याला वाटलं नाही. मागं निलम्माची पावलं जिना उतरली. खाली दोघींनी चौक ओलांडला. आता कुठं वळतील? डावीकडं गेल्या तर गोठा, उजवीकडं गेल्या तर कोठी, आणि सरळ गेल्या तर परस. नुसत्या आवाजावरून सांगता आलं असतं, इतका त्याचा कान तयार होता. एक पाऊल वाजलं. दुसरं वाजलं. त्याच्या नकळत तो मोजायला लागला होता.

तिसऱ्या पावलाला बसवंतप्पानं दोन्ही कानांत बोटं घातली, आणि दुखेपर्यंत घट्ट दाबून धरली.