पोरींची साक्ष

काजलचे डोळे पिवळे पडलेत हे धम्मशीलाच्या लक्षात आलं ते रविवारी, पोरींची डोकी पाहताना. दर रविवारी सकाळी होस्टेलच्या ओट्यावर ती एकेकीला पुढ्यात घेऊन बसायची. उवा काढायच्या, तेल लावायचं, वेण्या घालायच्या. आठवीतली काजल मान खाली घालून बसली ती उठेचना. धम्मशीलानं हनुवटी धरून तिचं तोंड उन्हाकडे केलं आणि हातातली तेलाची वाटी खाली ठेवली.

"काऊन वं, जेवत नाही का तू?"

"वास येते मॅडम जेवनाचा. मळमळते."

"लघवी पिवळी होते का?"

काजल लाजली. मग हळूच म्हणाली, "हाव. हळदीवानी."

अमडापूरहून चिखलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून शाळा होती आणि शाळेच्या मागे हे मुलींचं होस्टेल. बहुतेक पोरींचे आईबाप दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. घराला कुलूप लागायचं आणि पोरी इथं राहायच्या. धम्मशीला त्यांची अधीक्षिका. ती स्वतः अशाच एका होस्टेलात वाढली होती. सहावीत असताना तापानं फणफणून ती कोपऱ्यात पडून राहिली होती आणि जेवायला का आली नाही हेसुद्धा तिला कोणी विचारलं नव्हतं. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. म्हणून कोणती पोरगी ताटातलं टाकते, कोणाला पाळीत पोट दुखतं, कोण आईच्या फोननंतर रडत बसते, यावर तिचं ध्यान असायचं. तिचा नवरा देवानंद देऊळगाव राजाला शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान चालवायचा. पंधरवड्यातून एकदा ती घरी गेली की तो म्हणायचा, "पाहुनी आली आमची."

काजलचे डोळे पाहून तिला पहिली आठवली ती विहीर.

पावसाळ्यात संडासाच्या टाकीची भिंत तडकली होती आणि टाकी विहिरीच्या वरच्या अंगाला होती. तेव्हापासून पाण्याला वास होता. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव महिन्यातून एकदा चक्कर टाकायचे. तिनं त्यांना विहिरीपाशी नेऊन दाखवलं होतं. "दिवाळी होऊ द्या, पाहू," म्हणाले होते. पुन्हा आले तेव्हा पुन्हा सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोरींकडं पाहा. विहिरीकडं मी पाहतो." गॅस पुरेल तेवढं पाणी ती उकळायची. ते पाचवी-सहावीच्या लहान पोरींपुरतं व्हायचं. मोठ्या पोरी विहिरीवरून नळाला येणारं तसंच प्यायच्या.

तेलाच्या हातानं तिनं तिथंच, पोरींसमोर, स्पीकरवर भगवानरावांना फोन लावला.

"कावीळ हाय ना? मंग दवाखान्यात काय ठेवलं?" ते म्हणाले. "आपल्या इथं झाडपाल्याचं औषध देते एक जन. गडी पाठवतो. सरकारी दवाखान्यात नेलं की बोभाटा होते, आन पुढच्या हप्त्यात तपासनी हाय. एक दिवस दम धरा."

तिनं तो दिवस दम धरला. पुढं कितीतरी वेळा तिला वाटलं, तेवढा एक दिवस आपल्या हातून गेला नसता तर. गडी आला, कडू पाला वाटून देऊन गेला. काजलनं तो ओकून टाकला. सोमवारी सकाळी ती उठवल्यावर धम्मशीलालाच "आई" म्हणायला लागली आणि आपण कुठं आहोत हे तिला सांगता येईना.

धम्मशीलानं मग कोणालाच फोन केला नाही. रस्त्यावर उभी राहून ऑटो थांबवला. दहावीतली राखी, जी सगळ्या पोरींत मोठी आणि मॅडमचा उजवा हात, तिनं काजलला उचलायला मदत केली.

"राखी, मी येइपर्यंत तू पाह्यजो पोरीइकडं."

"तुमी जा मॅडम. मी हाय ना."

चिखलीच्या डॉक्टरीणबाईंनी काजलला पाहिलं आणि लगेच गाडीतून बुलढाण्याला पाठवलं. जाण्याआधी त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पितात मुली?"

 धम्मशीलानं विहिरीचं आणि टाकीचं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं होस्टेलवर आली. आणखी काही पोरींना कावीळ निघाली. त्यांच्या मागोमाग पेपरवाले आले. धम्मशीला हे सगळं फोनवर ऐकत होती. ती बुलढाण्याच्या दवाखान्यात काजलच्या खाटेपाशी होती. काजल हात सोडत नव्हती. नर्सनं "आई का तुम्ही?" असं विचारलं तेव्हा धम्मशीला नुसतीच हो म्हणाली. समजावून सांगायला तिच्यात ताकद नव्हती.

काजलचा बाप निवृत्ती वडनेर भोलजी गावचा. कारखान्याच्या फडातून निघून यायला त्याला वेळ लागला. आला तेव्हा काजल उठून बसली होती, मोसंबीची फोड चोखत होती. निवृत्तीनं पोरीकडं पाहिलं आणि एकदम वाकून धम्मशीलाच्या पायाला हात लावला.

"मॅडम, तुमी नसत्या तं पोरगी गेली असती माही."

"उठा दादा, असं नका करू," ती म्हणाली. पण त्या रात्री खाटेखाली अंथरलेल्या चादरीवर तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

तिकडं होस्टेलवर भगवानराव रोज येत होते. महिन्यातून एकदाच येणारा माणूस आता पोरींना केळी वाटत होता, ओट्यावर बसून बोलत होता.

चौकशीला जिल्ह्याहून दोन अधिकारी आले. जेवणाच्या शेडमध्ये टेबल मांडलं, शेजारी भगवानराव बसले, पोरींना ओळीनं सतरंजीवर बसवलं. धम्मशीला सकाळीच बुलढाण्याहून आली होती. पोरी गळ्यात पडतील, काजलचं विचारतील असं तिला वाटलं होतं. पण त्या पायाच्या अंगठ्यांकडं पाहत बसल्या. राखीच्या शेजारी निवृत्ती बसलेला दिसला तेव्हा मात्र तिला आश्चर्य वाटलं. पोरीला दवाखान्यात ठेवून हा इथं कशाला आला?

अधिकाऱ्यांनी विचारलं, "पाण्याबद्दल कोणी सांगेल का? घाबरू नका."

राखी उभी राहिली.

"मॅडम लहान पोरीइले पानी उकळून देत होत्या. आमाले नाही देत." ती थांबली. भगवानरावांनी घसा खाकरला. "काजल बिमार होती तं मॅडमनं तिले दवाखान्यात नाही नेलं. पाला पाजला. बेसुद झाली तवा नेलं."

"आणि विहिरीबद्दल? मॅडमनी कोणाला सांगितलं होतं का?"

"नाही. आमी तं नाही ऐकलं."

धम्मशीला तिच्याकडं पाहतच राहिली. विहिरीपाशी ती भगवानरावांना घेऊन गेली तेव्हा ही पोरगी बादली भरत तिथंच उभी होती.

बाकीच्या पोरींना विचारलं. कोणी "हाव" म्हणाली, कोणी नुसती मान हलवली. पाचवीतली मनाली रडायला लागली तर स्वयंपाकीणबाईनं तिला उचलून बाहेर नेलं. मग निवृत्ती उठला. हात जोडूनच बोलला. "मले उशिरा कळवलं साहेब. आधी कळवलं असतं तं मी आलो असतो. गरिबाची पोरगी हाय."

त्यानं धम्मशीलाकडं पाहिलं नाही.

"तुम्हाला काय म्हणायचंय?" अधिकाऱ्यांनी तिला विचारलं.

"मी अध्यक्षसाहेबांना दोन वेळा विहीर दाखवली. दवाखान्यात नेऊ नका, एक दिवस थांबा, हे त्यांनीच फोनवर सांगितलं."

"लेखी काही दिलं होतं?"

"नाही. तोंडी सांगितलं."

"फोनवर काय बोलणं झालं, त्याला कोणी साक्षीदार?"

साक्षीदार समोर ओळीनं बसल्या होत्या. 

भगवानराव दुःखी आवाजात म्हणाले, "साहेब, आम्ही विश्वास ठेवला. बाई चांगल्या आहेत, पण एवढ्या पोरींचं काम झेपलं नाही त्यांना. चूक आमचीच, मानूस ओळखायले चुकलो."

त्याच संध्याकाळी तिला काढून टाकलं. सामान एका पेटीत आणि दोन पिशव्यांत मावलं. पोरींना अभ्यासाला बसवून दार लोटून घेतलं होतं. ती फाटकापर्यंत गेली, एसटीची वाट पाहत उभी राहिली. दार कोणी उघडलं नाही.

देवानंद म्हणाला, "तुले सांगत होतो, लेखी दे, लेखी दे." मग तिचा चेहरा पाहून तो पुन्हा कधी ते बोलला नाही. तिनं जालन्याला, चिखलीला दोन-तीन होस्टेलांत विचारून पाहिलं. सगळीकडं पेपरातली बातमी तिच्या आधी पोचली होती. शेवटी बालाजीच्या देवळाजवळ एका कपड्याच्या दुकानात ती साड्या दाखवायला लागली. होस्टेलला नवी विहीर झाली, पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. भगवानरावांनी फीत कापली. फोटोत पोरी टाळ्या वाजवत होत्या.

जूनमध्ये एका दुपारी दुकानातून घरी जाताना देऊळगाव राजाच्या स्टँडवर तिला कोणीतरी हाक मारली. राखी होती. हातात पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, मी पास झाली. पंच्याऐंशी टक्के पडले. तुमचं घर शोधत आली मी."

"बरं झालं," धम्मशीला म्हणाली.

राखीनं पुडा पुढं केला. धम्मशीलानं घेतला नाही. राखीचा हात तसाच राहिला.

"मॅडम, भगवानराव म्हनले, पान्याचा दोस निघाला तं होस्टेल बंद होइल, सगळ्या घरी जासान. घरी माहं लगन ठरवूनच ठेवलं होतं. दहावी होऊ द्या, मनून मीच हात जोडले होते बापापुढं. मी घरी गेली असती तं..."

"मले माहीत हाय."

"मंग तुमी समजून घ्या ना मॅडम."

"समजलं मले तवाच. तू उभी राह्यली तवाच समजलं, काऊन उभी राह्यली ते." धम्मशीलाचा आवाज चढला नाही. "पन माफ कर मनशील, तं ते नाही जमत. मी लय प्रयत्न केला, बाई. नाही जमत."

राखी रडायला लागली. पूर्वी ही पोरगी रडली की धम्मशीला पदरानं तिचं तोंड पुसायची. आज ती नुसती उभी राहिली. मग तिनं विचारलं,

"काजल कशी हाय? नववीत गेली असन ना."

राखीनं मान हलवली. "नाही मॅडम. तिले घेतलंच नाही परत. तिच्या बापाले भगवानराव म्हनले होते, दोनी पोरी फुकट ठेवू, दहावीपर्यंत. तिच्या धाकट्या बहिनीले ठेवलं. काजलले म्हनले, बिमार पोरगी नको, पुन्हा काई झालं तं आमच्या माथी. बापानं टोळीत नेली. ऊस तोडला तिनं फागुनपर्यंत. आता पाहुने येऊन राह्यले पाहायले."

धम्मशीलानं मनातल्या मनात तिचं वय मोजलं. चौदाचीही नसेल अजून.

"निवृत्तीचा नंबर हाय का तुह्याकडं?"

राखीनं मोबाइल काढून नंबर दिला. धम्मशीलानं तिथंच लावला. बरीच रिंग वाजली. मग एक बारीक आवाज आला.

"हॅलो?"

"काजल? मी धम्मशीला मॅडम बोलून राह्यली."

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज थांबला. 

"काजल, ऐक. तुले शिकाचं हाय का? मी येते उद्या वडनेरले. तुह्या बापासंग बोलते. माह्या घरी राह्य पाह्यजे तं. ऐकून राह्यली ना?"

"मॅडम..." काजल एवढंच म्हणाली.

मागून निवृत्तीचा आवाज आला, "कोन हाय वं फोनवर?"

"राँग नंबर हाय, बाबा," काजल म्हणाली आणि फोन बंद झाला.

धम्मशीलानं पुन्हा लावला. लागला नाही. चिखलीची गाडी लागली तेव्हा राखी पेढ्यांचा पुडा बाकावर ठेवून निघून गेली. धम्मशीला बराच वेळ नंबर लावत बसली होती.