शिळं पाणी

लातूर जिल्हा झाला, आणि आमच्या गल्लीत दोनच गोष्टी वाढल्या. पाट्या आणि नळाच्या पाण्यातला औषधाचा वास. त्यात दुष्काळ. नळ आठवड्यातून एकदा यायचा, पण एवढा शुद्ध यायचा की घोट घेतला की नाक झोंबायचं.

शेजारच्या वीरभद्रअप्पांकडं काचेच्या पेटीत एक लाल मासा होता. पेटी त्यांच्या मुलानं, मन्मथनं, हैदराबादेहून हौसेनं आणलेली. मन्मथ उन्हाळ्यात काविळीनं गेला. मासे बरेच होते, एकेक करत तेही गेले. हा एक राहिला. नळाचं पाणी माशाला तसंच घालायचं नाही, बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, औषध उडून जातं, मग घालायचं, असं मन्मथ सांगायचा. अप्पा ते मंत्रासारखं पाळत. अंगणात भरलेली बादली, आणि राखणीला शेजारी खुर्चीवर स्वतः.

समोरची सरजाबाई रिकामी घागर घेऊन जाताना म्हणायची, "अप्पा, मानसाला प्यायला न्हाई, अन् तुमचं पाणी आराम करायलंय व्हय?"

"आजारी हाय ते," अप्पा म्हणायचे. "उद्या कामाला जाईल."

त्यांच्या बायकोनं, शिवकांताकाकूंनी, लेक गेल्यापासून पेटीकडं पाहिलं नव्हतं. बसायच्या त्या पेटीकडं पाठ करून.

आता आमच्याकडची रीत अशी, की नळ आला की शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. दुष्काळ असो नाहीतर काही असो. हंडे उपडे करायचे, जुनं झाडाला नाहीतर अंगणात, आणि ताजं भरायचं. मग पुढं आठवडाभर पाण्याच्या नावानं रडायचं.

मन्मथला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी सकाळी नळ आला. अप्पा मठात जंगमांना जेवायचं सांगायला गेलेले. काकूंनी अंघोळ केली, लिंगपूजा केली, आणि वर्षात पहिल्यांदा पेटीला हात लावला. आजच्या दिवशी तरी लेकाचा मासा शिळ्यात नको. पेटीतलं पाणी काढलं, तेही आणि बादलीतलंही बेलाला घातलं, आणि फडक्यानं गाळून ताजं काठोकाठ भरलं.

अप्पा आले तेव्हा मी दारातच होतो. काकू पेटीसमोर बसल्या होत्या.

"बघा की, कसं वर येऊन तोंड हलवायलंय," त्या म्हणाल्या. "वळखलं मला."

अप्पांनी पेटी पाहिली, पालथी बादली पाहिली, मग बायकोचं तोंड पाहिलं. वर्षभरात त्या पहिल्यांदा हसत होत्या.

"हाव," अप्पा म्हणाले. "वळखलं." आणि तांब्या घेऊन बाहेर पडले.

"वाईच शिळं पाणी हाय का?" दारोदार हेच.

"शिळं कशाला, अप्पा?" सरजाबाई म्हणाली. "जंगम जेवणार आज तुमच्यात. हंडाभर ताजं न्या की." एरवी तांब्याभर पाण्यावरून डोकी फोडणारी गल्ली त्या दिवशी दानशूर झाली होती. शिळं मात्र कुणाकडंच नव्हतं. आमच्या घरचं जास्वंदीनं प्यालेलं.

अप्पा रिकामा तांब्या घेऊन परतले. मासा तळाशी कुशीवर पडला होता.

"निजलं," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "ताज्या पाण्यात बरं वाटलं असंल."

अप्पा त्यांच्याशेजारी टेकले.

"निजू दे," म्हणाले. "उठवू नगंस."

अंगणात नळ तसाच वाहत होता. उठून बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.