पाचशेबाराच्या पुढे

"माधवी, तुया बाबाइले मी वळखूच नाही आलो बापा," शेजारच्या शालूकाकू फोनवर म्हणाल्या होत्या. "रोज भाजीची वाटी देतो मी त्याइले. काल दारात उभं ठेवून इचारलं, कोन पाहिजे तुमाले?"

मी हसले. "काकू, थट्टा करतात ते. जन्मभर शाळेत पोरांची केली, आता तुमची."

"अशी थट्टा कोनी करते का वं?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मग बाबांचाच फोन आला. जुना कॉम्प्युटर फार अडकतो, रॅम, म्हणजे मेमरीची नवी पट्टी, घेऊन ये. मी लेकीला, अबोलीला, कडेवर घेऊन अमरावतीहून अकोल्याला गेले. बाबा त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स वापरतात. मलाही त्यांनीच शिकवलं, पुढे कॉलेजात मी कॉम्प्युटर हाच विषय घेतला.

आतल्या दोनपैकी खराब पट्टी काढून नवी बसवली. स्क्रू वाटीत, वाटी कपाटावर, कारण अबोली दिसेल ते तोंडात घालते. मशीन सुरू होताना पडद्यावर दोन्ही पट्ट्या दिसल्या. लिनक्स चालू झाल्यावर मात्र मेमरी पहिल्याइतकीच, पाचशेबारा एमबी.

"ओळखत नाही," मी म्हटलं.

"खोडरबरने पुसलीस का?"

पुसली. टोकांवरचा मळ निघाला. जागाही बदलून पाहिली. तेच.

"दुकानदारानं गंडवलं तुले."

"सुरुवातीला दिसते ना, बाबा. पट्टी चांगली आहे. लिनक्सच घेत नाहीये."

म्हणून सुरू होताना ते जी फाइल वाचतं, ती उघडली. त्यात होतं: mem=512M. म्हणजे एवढीच मेमरी वापर, पुढे जाऊ नको.

बघताक्षणी आठवलं. मी बाळंतपणाला इथे होते तेव्हा ती पट्टी बिघडली, मशीन मधेच बंद पडायचं. मी अबोलीला पाजत होते आणि बाबा दाराबाहेरून, पाठ फिरवून, खूश होऊन सांगत होते, "बॉक्स कोन उघडते? हात कापतात माझे. त्याले ताकीदच देऊन टाकली. पाचशेबाराच्या पुढे पाय टाकायचा नाही!"

"बाबा, हे कोणी लिहिलं?"

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. बराच वेळ. "शुभंकर आला असेल. त्याले सवयच आहे कुठेही हात घालायची."

शुभंकर त्यांचा जुना विद्यार्थी. तो कधीचा पुण्यात आहे.

मी त्यांचा चेहरा पाहत होते. थट्टा करताना बाबांचा डावा गाल आधी हलतो. तो हलला नाही.

मी तेवढं खोडलं, मशीन पुन्हा सुरू केलं. सगळी मेमरी आली. "ओळखलं बघ!" बाबांनी टाळी वाजवली. त्यांचं पाहून अबोलीनंही. मी वाजवली नाही. कपाटावरची वाटी काढून मी स्क्रू लावत बसले.

"बाबा, चला आमच्याकडे."

"आता तर हे पळायला लागलं. तिकडे येऊन काय करू?" थोड्या वेळानं म्हणाले, "खोडरबरने पुसलीस का?"

"पुसली."

निघताना मी शालूकाकूंच्या दारात थांबले.  त्यांनी अबोलीच्या हातात बिस्किट दिलं आणि म्हणाल्या, "वाटी देतोच मी. नाव बी सांगत जाईन रोज."

आता मी रोज फोन करते. "मी मजेत," बाबा म्हणतात, आणि आवाज मजेतलाच असतो. त्या आवाजावर जाऊ नका. तुमचंही कुणी असं एकटं राहत असेल तर आज जाऊन या. कसे आहात, असं विचारू नका. त्यांनी स्वतः केलेलं काहीतरी समोर ठेवा आणि हे कोणी केलं, एवढंच विचारा.