तेलाच्या लेनवरची कोरडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. शिलाईची नाही आणि पिठाचीही नाही. माझं काम ऐकलंत तर म्हणाल, काहीतरीच काय! मी लाकडाच्या जमिनीला तेल लावते. सानपाड्याच्या एका मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर बोलिंगचं सेंटर आहे, तिथे आठ लांबलचक लेन आहेत. या टोकाहून जड चेंडू सोडायचा आणि त्या टोकाच्या दहा पिना पाडायच्या, असा हा खेळ. चेंडूने लाकूड झिजू नये म्हणून लेनवर तेलाचा पातळ थर लागतो. तो मी देते.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला म्हणतात, पण मला आठवतो तो कुलदीपच. मी खोक्यातून बाहेर पडले तेव्हा तो समोर उभा होता. साताऱ्याकडचा गडी, इथल्याच पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून आलेला. त्याने माझ्यासोबतचं माहितीपुस्तक चाळलं, बाजूला ठेवलं आणि सरळ झाकण उघडून आत डोकं घातलं. तेव्हापासून आमचं जमलं. लेन एकोणचाळीस फळ्यांची असते आणि माझ्या पोटात एकोणचाळीस बारीक तोंडं आहेत, एकेका फळीला एकेक. कुठे किती तेल टाकायचं ते कुलदीप बटणं दाबून सांगतो आणि मी गुरगुरत लेनवरून जाऊन परत येते.

तुम्हाला एक गुपित सांगते. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी मी थोडी लबाडी करते. मधल्या फळ्यांवर भरपूर तेल, कडेला जेमतेम. चेंडू कडेला भरकटला तरी कोरड्या लाकडावर त्याला पकड मिळते आणि तो वळून मध्ये येतो. वाढदिवसाला आलेल्या काकांना वाटतं, आपण भलतेच खेळाडू! व्यावसायिक स्पर्धांना मात्र ही दयामाया चालत नाही. तिथे कडेपासून कडेपर्यंत सारखं, सपाट तेल. त्यावर चुकलेला चेंडू चुकलेलाच राहतो. शिवाय तेल डोळ्यांना दिसत नाही. चेंडू कसा पळतो, कुठे वळतो, यावरून खेळाडूने ते ओळखायचं.

माझी खंत एकच होती. तेल लावून झालं की मला पडद्यामागे ढकलायचे. बाहेर धडाड आवाज, टाळ्या, "अरे यार!" असे उसासे. माझ्या तेलावर नक्की काय चालतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं. आचाऱ्याला पंगत दिसू नये, तसं माझं झालं होतं.

माझी विचारपूस करणारी खेळाडू एकच, अबोली. ती पावणे एमआयडीसीतच रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. रंग किती घट्ट, किती पातळ, हे तपासणं तिचं काम. संध्याकाळी सरावाला आली की आधी पडद्यामागे यायची. "कुलदीपदादा, एसी वाढवला की तेल घट्ट होतं का रे? तासाभराने ते कुठे सरकतं?" कुलदीप डोकं खाजवायचा. मला तिची भारी गंमत वाटायची. मलाही हेच प्रश्न पडायचे ना!

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्याकडे व्यावसायिक खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा ठरली. महिलांमध्ये जिंकेल तिला भारताच्या संघात जागा मिळणार होती. त्या एका जागेसाठी अबोली सहा वर्षं झटत होती.

खंडेनवमीला कुलदीप मला कुंकू लावत होता, तेवढ्यात साफसफाईच्या वेणूबाई मावशी आल्या.

"आरं, वरनं काय लावतोस?" त्या म्हणाल्या. "काम तिचं प्वाट करतंय. आत लाव की!"

कुलदीपला पटलं. लेथलाही तो असाच, फिरणाऱ्या भागाला हळदकुंकू वाहायचा. त्याने झाकण उघडून माझ्या पोटाला बोटं टेकवली आणि आत झेंडूची माळ सोडली. खोटं कशाला बोलू, मी अगदी फुलून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याने माळ काढली, फडकंही फिरवलं. पण झाकणाच्या कोपऱ्यात एक पाकळी राहून गेली. ती ना त्याला दिसली, ना मला कळली.

अंतिम सामना अबोली आणि पुण्याच्या क्रांतीमध्ये होता. सामन्याआधी पाच आणि सहा नंबरच्या लेनवर ताजं तेल द्यायचं होतं. मी निघाले आणि हादऱ्याने ती पाकळी घसरून माझ्या तोंडांवर बसली. तीन तोंडं गप्प! मला ते जाणवलं, पण मी सांगणार कशी?

त्या दिवशी कुलदीपने मला लेनच्या बाजूलाच उभं केलं. "बघ आज तू पन," म्हणाला. आणि पहिल्यांदाच बघायला मिळालेला सामना मी धास्तीने बघू लागले.

क्रांती डावखुरी. तिचा चेंडू डावीकडून जाई, तिकडे तेल ठीक होतं. अबोलीचा मात्र उजवीकडून. दहा पाळ्यांचा सामना; तिसऱ्या पाळीला तिचा हात चुकला, चेंडू कडेला गेला. आता गेलाच, असं मला वाटलं. तर तो वळला, परत आला आणि दहाही पिना आडव्या! लोकांनी टाळ्या वाजवल्या. अबोली हसली नाही. ती चेंडूकडे बघत राहिली. पुढच्या वेळी तिने मुद्दाम तिथेच टाकला. पुन्हा परत आला. तिने टॉवेलने चेंडू पुसला आणि टॉवेलवरचं तेल निरखून पाहिलं. सातव्या पाळीला ती अडतीस गुणांनी पुढे होती, तेव्हा ती पंचांकडे, श्यामसुंदर सरांकडे गेली.

"सर, मॅच थांबवा."

"का गं? हात दुखावला का?"

"नाही. माझा चेंडू चुकतोय, तरी परत येतोय. या तेलावर तो यायला नको. उजवीकडे कुठेतरी तेलच नाहीये."

मॅनेजर दिलीप सर धावत आले. "अगं, पुढे आहेस ना? टेन्शन कशाला घेतेस? खेळ बिनधास्त. कोणाला दिसतंय?"

"क्रांतीचा चेंडू तिकडे जातच नाही, सर. फायदा माझ्या एकटीचाच होतोय."

श्यामसुंदर सरांनी लेनवर आडवी चिकटपट्टी दाबून उचलली. बाकी सगळीकडे तेल, तीन फळ्यांपुरती पट्टी कोरडी. कुलदीपने माझं झाकण उघडलं आणि तोंडांवरून बोट फिरवून बाहेर काढलं. बोटावर तेलात भिजलेली पाकळी होती.

"सायेब, माजीच चूक हाय," तो कसाबसा म्हणाला. "पूजा मीच केलती."

"मी सांगितलं म्हनून केली त्यानं," वेणूबाई पुढे झाल्या. "काय बोलायचं ते मला बोला."

लेन धुतल्या, मी पुन्हा तेल दिलं आणि सामना पहिल्यापासून सुरू झाला. या वेळी चुकलेले चेंडू परत आले नाहीत. अबोली चार गुणांनी हरली.

क्रांतीने तिचा हात धरला. "मला कळलंसुद्धा नसतं गं."

"मला कळलं होतं ना," अबोली म्हणाली. मग ती माझ्याजवळच्या बाकावर बसून रडली, अगदी लहान मुलीसारखी. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर ती दहा दिवस फिरकली नाही. दिलीप सर मला भंगारात काढायला निघाले होते, पण कुलदीप आडवा आला. आता तो रोज माझं एकेक तोंड कापसाने पुसतो. मित्रांनो, तुमच्या सायकलीची, मिक्सरची पूजा जरूर करा. आम्हालाही कोणी मान दिला की बरं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी झाकण उघडून आत काय राहिलंय ते नीट बघा. आम्हाला सांगता येत नाही हो, आणि आमची चूक भलत्याच माणसाला भोगावी लागते.

त्या दहा दिवसांत एकच धाकधूक होती, तिने खेळ सोडला तर? अकराव्या दिवशी सकाळी कुलदीप मला पुसत होता, तेव्हा पडदा सरकला. अबोली चेंडूची पिशवी घेऊन उभी होती.

"कुलदीपदादा, सहा नंबरला तेच सपाट तेल घाल. ते चार गुण कुठे गेले, मला बघायचंय."

कुलदीपने बटण दाबलं आणि मी निघाले.