कोळशातला नेचा

भानुदासभाऊ थापा मारतात, हे आमच्या सिमेंट फॅक्टरीत गेटवरच्या सिक्युरिटीपासून प्लँट मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कोयनेच्या जंगलात त्यांनी वाघाला नुसत्या काठीनं हाकललं होतं. एका अरबानं खूश होऊन त्यांना उंट देऊ केला होता, पण लेबर कॅम्पच्या खोलीत बांधायला जागा नाही म्हणून त्यांनी तो नाकारला होता. लोक चहा पीत ऐकायचे, हसायचे आणि कामाला लागायचे. संताप यायचा तो फक्त मला. मी शालिनी देवस्थळी, लॅब इनचार्ज. सोळा वर्षं दुबईजवळच्या रास अल खैमामध्ये कोळसा, चुनखडी आणि सिमेंट तपासते आहे. कुणी चौदा पूर्णांक दोनला सव्वाचौदा म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

त्यामुळे जानेवारीत एके सकाळी भानुदासभाऊ हेल्मेट काखेत धरून लॅबच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, कोळशात झाडाचं पान सापडलं,” तेव्हा मी मान वर न करताच म्हटलं, “भानुदासभाऊ, ड्युटी टाइममध्ये नको. तीन रिपोर्ट पेंडिंग आहेत.”

ते हातातला करडा दगड माझ्या टेबलावर ठेवून उभे राहिले. तेच विचित्र होतं. एरवी ते कधी गप्प बसत नाहीत.

दगडावर करंगळीएवढी एक काडी उमटली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांदळाएवढी पानं. प्रत्येक पानाची मधली शीरसुद्धा दिसत होती. मी भिंग घेतलं. मग खिडकीजवळ गेले. मग तीन रिपोर्ट पेंडिंग आहेत हे विसरले.

भानुदासभाऊंचं काम कोळशाच्या यार्डात, हॉपरच्या जाळीवर. डंपर कोळसा ओततो, बारीक खाली जातो, मोठे तुकडे जाळीवर अडकतात. ते पहारीनं फोडायचे आणि दगड असेल तर बाजूला फेकायचा. आमचा तो कोळसा अमेरिकेतून, व्हर्जिनियाच्या बंदरातून यायचा. कागदांवर मूळ ठिकाण म्हणून अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या खाणी असं लिहिलेलं असायचं. धुतलेला कोळसा म्हणून देतात, तरी खाणीच्या छताचे करडे, पापुद्र्यापापुद्र्यांचे दगड त्यात येतातच. मला ते दगड म्हणजे रिपोर्टमधली वाढलेली राख, एवढंच माहीत होतं. त्या पापुद्र्यांच्या आत अख्खं जंगल दाबून ठेवलेलं आहे, हे मी एम.एस्सी.ला वाचलं होतं आणि पेपर लिहून विसरून गेले होते.

“किती जुनं असंल?” त्यांनी विचारलं.

“तीस कोटी वर्षं. साधारण.”

संध्याकाळी कॅम्पच्या बसजवळ ते फोनवर बायकोला सांगत होते, “शंभर कोटी वर्षं! मॅडमनी मशीनवर काढून दिलं.” मी तिथल्या तिथे झापलं असतं, पण बस सुटली.

पुढे हळूहळू सगळं कळलं. भानुदासभाऊंचा व्हिसा एप्रिलअखेर खलास होणार होता. एकोणीस वर्षांनी ते पाटणजवळच्या आपल्या गावी कायमचे परतणार होते. जाळीवर अशी पानं त्यांना पहिल्या वर्षापासून दिसत होती आणि पहिल्या वर्षापासून ते घरी सांगत होते. पण कोण मानणार? सत्यभामावहिनींचा हिशेब सरळ होता. नवरा जे सांगेल ते निम्मं करून ऐकायचं, आणि निम्मंसुद्धा जास्त वाटलं तर सोडून द्यायचं. कोळशात पान हे त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा एक तुकडा भाऊंनी गावी धाडला, तर वहिनी म्हणाल्या, कोंबडीचा पाय उमटलाय. फोटो पाठवला, तर पुतण्यानं फोनवर वहिनींनाच वाघावर बसवून दाखवलं आणि सांगितलं, काकी, फोटोचं काही खरं नसतं आता.

“मॅडम,” ते मला म्हणाले, “वाघाचं खोटं हाय, उंटाचं बी खोटं हाय. ह्ये एकच खरं हाय, आन् ह्येच कुणी मानत न्हाई. मला एक अख्खं पान पायजे. हातात दिलं की बोलती बंद झाली पायजे. तीस किलोच्या बॅगेत एक दगड बसतोय.”

उंट खोटा आहे हे त्यांनी आपल्या तोंडानं कबूल केलं, तिथेच मी त्यांच्या बाजूची झाले.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. सकाळी साडेसहाला, शिफ्टच्या आधी, मी सेफ्टी शूज घालून टाकाऊ दगडांच्या ढिगावर. ऊन तिरपं असतानाच ठसे दिसतात. सूर्य वर आला की दगड सपाट वाटतो, हे त्यांनी मला शिकवलं. दगड आडवा मारायचा नाही, पापुद्र्याच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून हलके ठोके द्यायचे. नारळ घेताना वाजवून बघतात तसा ते आधी दगड वाजवून बघायचे आणि “ह्यात हाय” किंवा “ह्यात काय न्हाई” म्हणायचे. दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. मी मोजलं होतं.

माझे यजमान उल्हास बँकेत आहेत आणि त्यांना धुळीचं वावडं आहे. काळी नखं घेऊन मी घरी आले की म्हणायचे, “लोक दुबईला जाऊन सोनं आणतात. आमच्याकडे दगड येतात.” आमची शर्वाणी फोनवर म्हणायची, “आई, धिस इज सो कूल,” आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागायची.

खोडं मिळाली, माशांच्या खवल्यांसारखी नक्षी असलेली. अर्धी पानं मिळाली. गवतासारख्या काड्या तर पोत्यानं. अख्खं पान काही मिळेना. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भानुदासभाऊंनी एक पाटीएवढा दगड वाजवला, फिरवून परत वाजवला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून चार ठोके दिले. दगड पुस्तकासारखा उघडला.

आत नेचा होता. काळाभोर, करड्या दगडावर. मधली दांडी किंचित वाकलेली, आणि दोन्ही बाजूंना लहान लहान होत गेलेली पानं.

“आमच्या वढ्याला अस्साच असतोय,” भानुदासभाऊ म्हणाले. मग खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मीसुद्धा बसले, कोळशात, चांगल्या सलवारीत. खरं सांगते, सोळा वर्षांत त्या फॅक्टरीत मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

कॅम्पमध्ये ठेवायची सोय नव्हती. तिथे क्लीनिंगच्या दिवशी पलंगाखालचं सगळं कचऱ्यात जातं. त्यांचे आधीचे दगड असेच गेले होते. म्हणून मी म्हटलं, “माझ्या लॅबमध्ये राहू दे. तिथून काडी हलत नाही.” दगड कागदात गुंडाळला, सॅम्पलच्या पिशवीत घातला, आणि पिशवीला टॅग बांधला. नंबर, तारीख, सोर्स: कोल यार्ड. माझ्या लॅबमध्ये टॅगशिवाय पिशवी ठेवायची नाही, हा माझाच नियम आहे, आणि हात आपोआप चालतो.

टॅग लागलेली पिशवी तपासल्याशिवाय चोवीस तासांपेक्षा जास्त पडू द्यायची नाही, हाही माझाच नियम.

दुसऱ्या दिवशी मी खलिफा सिटीला नणंदेकडे बारशाला गेले. परत आले तर टेबलावर रिपोर्ट तयार होता. ओलावा, राख, उष्मांक, सगळं टाइप करून, खाली सहीची जागा सोडून. राख एक्क्याण्णव पूर्णांक चार टक्के.

“मॅडम, यावेळचं सॅम्पल एकदम बेकार होतं,” मिथुन म्हणाला. मिथुन माझा असिस्टंट, नागपूरचा, अतिशय शिस्तीचा मुलगा. शिस्त मीच लावलेली. “पूर्ण दगडच होता. जॉ क्रशरला दोनदा घालावा लागला. मग पल्व्हरायझरमध्ये पूड केली, मग फर्नेसमध्ये जाळली. सप्लायरला मेल टाकू का?”

“पिशवी उघडून बघितलीस का?”

“तुम्हीच म्हणता ना मॅडम, सॅम्पल बघून मत बनवायचं नाही. मशीन सांगेल.”

हो, मीच म्हणते. रोज म्हणते. एरवी फुटलेल्या बीकरसाठी अख्खी लॅब डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी ओरडायला माणूसच सापडेना.

यार्डात जाऊन मी भानुदासभाऊंना सरळ सांगितलं. फिरवून सांगायला मला येत नाही. त्यांनी पहार जाळीला टेकवून ठेवली.

“राख किती आली?”

“एक्क्याण्णव पूर्णांक चार.”

“म्हंजी बाकीचं जळालं. त्ये पान असणार.”

“तसं नाही भाऊ, त्यात पाणीसुद्धा असतं, शिवाय—”

“मॅडम,” ते म्हणाले, “तुमी वर गेल्यावर चित्रगुप्ताच्या वहीत बी करेक्शन कराल.” आणि हसले. पण पहार उचलायला त्यांना वेळ लागला.

मग पुढचे दहा दिवस आम्ही ढीग उपसला. मिथुनसुद्धा यायचा, तोंड पाडून, आणि विचारल्याशिवाय एका दगडाला हात लावायचा नाही. तुकडे मिळाले, अर्ध्याहून कमी. अख्खं पान काही आलं नाही. अठ्ठावीस तारखेला मी ठरवलं की आता मीच साक्ष द्यायची.

दुपारच्या सुट्टीत कँटीनच्या मागे, सावलीत, भानुदासभाऊंनी बोटीम अॅपवर घरी व्हिडिओ कॉल लावला. सत्यभामावहिनी दिसल्या, पदर खोचलेला, मागे भिंतीशी धान्याची कणगी. मी लेटरहेडवर तसं लिहून, सही-शिक्का मारून कागद आणला होता. तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि ओळख करून देऊन म्हटलं, “वहिनी, मी स्वतःच्या डोळ्यांनी पान पाहिलंय. भाऊ शंभर टक्के खरं बोलतायत.”

वहिनींनी मला नीट पाहून घेतलं. “मॅडम, तुमी चांगल्या घरच्या दिसता. पर ह्येंनी तुमाला बी नादी लावलंया.”

सोळा वर्षांची माझी सही अशी एका वाक्यात निकालात निघाली. भानुदासभाऊ मान खाली घालून उभे होते.

“बरं, किती मोठ्ठं व्हतं म्हणं त्ये पान?” वहिनींनी नवऱ्याला विचारलं. आवाजात हसू होतंच. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. आता हे दोन हात म्हणणार, मग वहिनी एक हात धरणार, मग तोही सोडून देणार.

भानुदासभाऊंनी आपला पंजा उघडला, त्याच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, “दीड वीत.”

“आन्?”

“आन् काय न्हाई. दीड वीत. शेंड्याला जरा तुटल्यालं व्हतं.”

शेंडा तुटलेला होता. हे मीसुद्धा विसरले होते. इतके दिवस मी त्याला अख्खं पान, अख्खं पान म्हणत होते.

वहिनींनी फोन डोळ्यांजवळ नेला. नुसतं कपाळ आणि कुंकू दिसायला लागलं.

“बास? येवढंच?”

“येवढंच.”

“मंग खरं हाय,” वहिनी म्हणाल्या. “खोटं असतं तर तुमी पुरुषभर सांगितलं असतं.” आणि मग आतल्या कुणाला तरी त्यांनी हाक मारून सांगितलं, “अगं, कोळशातलं पान खरं हाय म्हणं!” एकोणीस वर्षांनंतर. भानुदासभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले.

“कुटं हाय मग त्यो दगूड? घिऊन या की,” वहिनी परत आल्या.

मी तोंड उघडलं. पण शब्द फुटायच्या आधीच भाऊ म्हणाले, “फुटला. माज्याच हातनं पडला.”

“त्ये बी खरं असणार. तुमच्या हातनं काय टिकलंय?”

“वहिनी, ऐका, तो—” मी म्हणेपर्यंत भानुदासभाऊंनी लाल बटण दाबलं होतं.

“नेटवर्क गेलं,” ते म्हणाले. स्क्रीनवर सिग्नलच्या चारही दांड्या दिसत होत्या.

मी भडकले. “कशाला खोटं बोललात? आत्ता कुठे त्यांनी एक गोष्ट मानली होती!”

“मानली म्हणूनच.” त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “मॅडम, ती ह्ये गावभर सांगणार. माजं नाव गावात तसंच हाय, त्यात अजून एक दगूड फुटला तर काय बिघडत न्हाई. तुमचं नाव गावात पयल्यांदाच गेलंय. त्ये चांगलं ऱ्हाऊ दे.”

मी फोन मागितला. त्यांनी दिला नाही. दोनची शिट्टी झाली, ते जाळीवर निघून गेले, आणि मी कँटीनच्या मागे एकटीच रडले. तीस तारखेला ते विमानात बसले. वहिनींचा नंबर मागायला मी विसरले, किंवा मला धीर झाला नाही.

म्हणून इथे लिहिते आहे. सत्यभामावहिनी, पाटणकडे कुणी हे वाचून दाखवलं तर ऐका. पान दीड वीत होतं, शेंड्याला तुटलेलं होतं, आणि दगड माझ्यामुळे गेला. भाऊंच्या हातून नाही.